भाऊजी, तुमचे डब्बे आता बंद पडतील

भाऊजी, काल मी तुमचा लॅपटॉप उघडला. चोरून नाही, तुमच्या दादाला सांगून. सुनील म्हणाला, "उघड, पण काही हलवू नकोस." जशी काही आत काचेची भांडी मांडून ठेवलीत. मी काही हलवलं नाही. चार्जर लावला आणि तुमच्या खुर्चीवर बसले. खुर्ची अजून तुमच्याच उंचीची आहे, माझे पाय लटकत होते. तशीच बसून वाचत राहिले.

लोक तुमची वाट बघतायत. नोट्सच्या ॲपला जोडायला तुम्ही बनवलेल्या त्या प्लगइनच्या पानावर एकाखाली एक निरोप पडलेत. नोट्सच्या ॲपची नवी आवृत्ती येते आहे आणि ती आली की जुने प्लगइन चालणार नाहीत, प्रत्येकाने आपापली दुरुस्ती करून घ्यावी, असं ॲपवाल्यांनी सांगून ठेवलंय. बाकीच्यांनी केली. तुमची राहिली. आधी लोकांनी अदबीने विचारलं, मग आठवण केली, मग चिडले. एकाने विचारलंय, हे प्रोजेक्ट डेड आहे का. त्याचा काय दोष. तुमच्या लाइनीत असंच विचारतात, तुम्हीच मला सांगितलं होतं.

आणि गोची अशी, की ते दुरुस्त करायचा किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायचा हक्क फक्त दोघांना आहे. एक तुम्ही, दुसरी मी. माझं नाव तुम्ही आपल्या मनाने घातलंत. "वहिनी, शिव्या मी एकट्यानेच का खायच्या? थोड्या तूपण खा." मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे दुरुस्ती माझ्याकडून होणार नाही, फक्त देऊन टाकणं होईल. तुमचा दादा म्हणतो, द्यायचं नाही. मी दिलं नाही तर त्या प्लगइनमधले तुमचे डब्बे बंद पडतील, दिलं तर ते तुमचे राहणार नाहीत. मी काय करू ते तुम्ही सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

एक आधीच सांगून टाकते. मला काही वाटत नाहीये. दुःख नाही असं नाही, असेल कुठेतरी. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं चाललंय. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी आले, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. मी सगळ्यांना वाढलं. खीर अजून घ्या म्हणून आग्रहसुद्धा केला. तुमच्या उज्जैनच्या आत्या दोनदा माझ्याकडे निरखून बघून गेल्या, की ही रडते कधी. मी पण बघतेय.

तुम्हाला ताप आला होता. इंदुरात त्या दिवसांत कोणाला ताप नव्हता? तुम्ही पांघरूण घेऊन लॅपटॉप मांडीवर घेतला होता, आणि मी ऑफिसला निघताना आपलं भांडण झालं. नेहमीचंच. मी म्हणाले, काठांचं काय केलंत? तुम्ही म्हणालात, "बघू." तुमच्या "बघू"चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी चप्पल घालता घालता म्हणाले, "तुमचं बघून झालं की मला उठवा." माझ्याशी तुम्ही बोललेला शेवटचा शब्द तोच, बघू. पुढे दवाखान्यात तुम्ही बोलला नाहीत.

हे काठांचं भांडण काय होतं, ते आता कोणाला सांगायला गेलं तर लोक हसतील. पण ते आपल्या घरी दर रविवारी व्हायचं आणि मला त्याची सवय झाली होती.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगची मशीनं बनतात आणि मशीनसोबत जाणारी पुस्तकं मी लिहिते. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, कुठे हात घालायचा नाही. ते मी नोट्सच्या ॲपमध्ये लिहायचे, आणि "सावधान" हा शब्द बाकीच्या ओळींत बुडून जायचा. एका रविवारी मी घरी त्यावर चिडचिड करत होते. तुम्ही सोफ्यावर आडवे पडलेले, पोटावर शेवेची वाटी. म्हणालात, "इसमें क्या है वहिनी, एक डब्बा बना देते हैं." मला वाटलं, नेहमीसारखी फेकताय. पुढच्या रविवारी डब्बा तयार होता.

ओळ निवडायची, बटण दाबायचं, ओळ रंगीत डब्यात जाऊन बसते. लाल डब्बा धोक्याचा, पिवळा जरा जपून, हिरवा युक्तीचा, निळा नुसत्या माहितीचा. आणि ज्याला यातलं काही पसंत नाही त्याने स्वतःचा डब्बा बनवावा, नाव त्याचं, रंग त्याचा, कोपऱ्यातलं चिन्ह त्याचं. मी त्याला चौकट म्हणायचे आणि तुम्ही डब्बा. तुमचं मराठी चौराह्यावर शिकलेलं, असं आई म्हणतात. तुमच्या आजोबांनी महूच्या छावणीतून आणलेली लोखंडी पेटी जिन्याखाली आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात "वर बसू नये" लिहिलंय. तुम्ही म्हणायचात, आपल्या खानदानाला सूचना लिहायचा रोग आहे, आणि दादाने शोधून बायको आणली तीपण त्याच रोगाची.

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा लहान. पण लग्न झाल्यावर आईंनी सांगितलं, दिराला भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं. मी करत राहिले. तुम्ही पहिल्या दिवसापासून "वहिनी, तू". त्यामुळे आपलं भांडण ऐकायला मोठं विचित्र असायचं. मी आदराने शिव्या घालणार आणि तुम्ही अरे-तुरेत माफी मागणार.

घरची नोट आठवते? तिघांची मिळून एक नोट होती, गॅस कधी लावला, आईंच्या गोळ्या कुठल्या, पाहुणे कोण येणार. तुम्ही तिच्यात डब्यांचे भलतेच प्रकार बनवलेत. "आईचा मूड" नावाचा करडा डब्बा, कोपऱ्यात ढग. "दादाला सांगू नको" नावाचा जांभळा. तो तुम्ही बिनधास्त त्याच नोटेत टाकायचात, कारण तुमचा दादा ती नोट जन्मात उघडत नाही, हे आपल्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. तुम्ही नोकरी सोडायच्या विचारात आहात, हे मला जांभळ्या डब्यातूनच कळलं. माझ्या माहेरी भावाचं काय चाललंय, ते तुम्हाला तिथूनच कळायचं. मग एक दिवस सकाळी नोट उघडली तर त्यात एक तपकिरी डब्बा. नवाच प्रकार. नाव होतं "दादाला सगळं कळतं". आत काहीही लिहिलेलं नव्हतं. सुनीलने बँकेतल्या कोणा पोराकडून तो डब्बा कसा बनवायचा ते शिकून घेतलं होतं. तुम्ही आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर आणि टॉवेल दाबून हसलो, आणि बाहेर सुनील गंभीरपणे पेपर वाचत बसला होता.

आणि दुधाचं. ते तर जगभर गेलं, भाऊजी.

नवा डब्बा टाकला की त्यात नमुन्याची एक ओळ आधीच येते, मग ती खोडून माणूस आपलं लिहितो. तुम्ही लाल डब्बा तपासत टेबलाशी बसला होता, मी फोनवर बोलत होते आणि गॅसवर दूध होतं. तुम्ही ओरडलात की नाही, आठवत नाही. पण हात तर कीबोर्डवर होते, म्हणून नमुन्याच्या ओळीत तुम्ही तेच टाइप केलंत, "वहिनी, दूध उतू जातंय". मग उठून गॅस बंद केलात, ओटा पुसलात, परत बसलात, आणि ती ओळ तशीच ठेवून नवी आवृत्ती पाठवून दिलीत. ज्याने कोणी जगात कुठेही लाल डब्बा टाकला, त्याच्यासमोर देवनागरीत उमटलं की वहिनी, दूध उतू जातंय. लोकांना वाटलं, हा एखादा मंत्र असेल. एकाने विचारलं, ही कुठली लिपी, फार सुंदर दिसते. तुम्ही घाबरून मला ऑफिसात फोन केलात. मी म्हणाले, काढून टाका. तुम्ही काढणारच होता, पण उत्तर लिहायला बसलात आणि लिहिलंत, आमच्या घरातला हा सगळ्यात जुना इशारा आहे. लोकांना ते इतकं आवडलं की त्यांनी काढू दिलं नाही. मी तेव्हा तुम्हाला खूप बोलले, की माझा निष्काळजीपणा तुम्ही सातासमुद्रापार नेलात. मनातून मला बरं वाटलं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तर काठ. माझी पुस्तकं स्क्रीनवर कोणी वाचत नाही. कारखान्यात पानं छापली जातात, मग त्यांच्या झेरॉक्स निघतात, मग झेरॉक्सच्या झेरॉक्स. बडा गणपतीजवळच्या दुकानातून एकदा आमच्या साहेबांनी गठ्ठा आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. सगळे डब्बे एकसारखे करडे. लाल करडा, हिरवा करडा, निळा करडा. साहेब म्हणाले, "मॅडम, इसमें डरना कहाँ है?" मी तो कागद घरी आणून तुमच्यासमोर आपटला. म्हणाले, प्रत्येक डब्याला वेगळा काठ द्या. धोक्याला जाड दुहेरी, बाकीच्यांना बारीक, एखाद्याला तुटक. रंग गेला तरी कळलं पाहिजे.

तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, काठ टाकले की डब्बा लग्नपत्रिकेसारखा दिसतो. म्हणालात, कागद संपत आलाय वहिनी, अजून थोडे दिवस. मी म्हणाले, सांवेर रोडला येऊन बघा कागद किती संपलाय ते. तुम्ही म्हणालात, ते तुमच्या कारखान्याचं मागासलेपण. मी म्हणाले, तुम्हाला दुसऱ्याच्या हाताची किंमत नाही. इथे आई मध्ये पडायच्या, भांडण चहापुरतं थांबायचं आणि पुढच्या रविवारी तिथूनच पुढे. भाऊजी, मला अजून वाटतं माझंच बरोबर होतं. तुम्ही नाहीत म्हणून मी हरणार नाहीये. पण तुमचे डब्बे दिसायचे फार देखणे, हेही खरं. मी एकदासुद्धा म्हणाले नाही. तुमच्याकडून काठ काढून घेईपर्यंत कौतुक करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कौतुक काय कुठे पळून जातंय, असं वाटायचं.

आता वाट बघणाऱ्यांतल्या एका मुलीचं सांगते. कोइमतूरला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. कविता नाव. तिचे निरोप सगळ्यात जास्त आहेत आणि सगळ्यात सभ्य. तिच्या मुलींच्या औषधांच्या नोट्स सगळ्या तुमच्या डब्यांत आहेत. कुठलं औषध कशासोबत द्यायचं नाही, कुठल्या रुग्णाला अजिबात नाही, ते सगळं लाल डब्यात. ती लिहिते, "नितीन सर, माझ्या मुलींना मराठी येत नाही, पण तुमच्या नमुन्याच्या ओळीतला पहिला शब्द त्यांनी उचललाय. धोक्याचं औषध आलं की एकमेकींना सांगतात, हे वहिनी आहे, जपून." मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हसू आलं नाही, दुसरं काही पण आलं नाही. नुसतं कळलं की हे हसण्यासारखं आहे.

पुढे तिने लिहिलंय, की नवी आवृत्ती आली की हे डब्बे दिसणार नाहीत, इशारे साध्या ओळी होऊन बाकीच्यात मिसळतील, आणि परीक्षा जवळ आली आहे. तिला थोडंफार कोड येतं. सर फार कामात असतील तर ती स्वतः सांभाळायला तयार आहे, दुधाच्या ओळीला हात न लावता. फक्त सरांनी हो म्हणावं. शेवटच्या निरोपात एवढंच आहे, सर, तुमची तब्येत बरी आहे ना?

तिला काही ठाऊक नाही. तिथे कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्यासाठी तुम्ही फक्त उत्तर न देणारा माणूस आहात. मी उत्तर लिहायला घेतलं आणि बोटं ठेवून बसून राहिले. ऑफिसात मी "घरी जरा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगून रजा टाकली होती. दूधवाल्याला "एक पाकीट कमी द्या" म्हणाले. त्याने कारण विचारलं नाही, बरं झालं. आपल्या घरात पण कोणी ते वाक्य पुरतं बोललेलं नाही. आई म्हणतात, "नितीनचं झालं तेव्हापासून." सुनील म्हणतो, "त्या दिवसानंतर." मी काहीच म्हणत नाही.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारी मी सुनीलला कविताचे निरोप वाचून दाखवले, आणि मग माझ्या लॅपटॉपवर काय होणार ते दाखवलं. नवी आवृत्ती चाचणीसाठी मिळते, ती मी घालून घेतली होती. जुन्या आवृत्तीत एक पान उघडलं. लाल डब्बा, आत "पट्टा चालू असताना हात घालू नये". मग तेच पान नव्या आवृत्तीत.

"कुठे गेला?" सुनीलने विचारलं.

"आहे की. ही ओळ."

"दिसत नाही."

"तेच तर."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दिलं तर त्या बाईचं नाव लागेल ना वर?"

"हो."

"आणि नितीनचं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तुमच्या दादाशी खोटं बोलून काही उपयोग नसतो. मी म्हणाले, "आत कुठेतरी राहतं, जुन्या नोंदींत. सहसा कोणी बघत नाही."

"मग नाही द्यायचं." तो उठला. "बंद पडू दे. त्याच्यासोबत बंद पडू दे. लोक दुसरं काही शोधतील, सब मिल जाता है आजकल. इतक्या वर्षांत त्याने स्वतःचं म्हणून एवढंच केलं, वर्षा. नोकरी सोडू का सोडू का करत राहिला, लग्नाला नाही म्हणत राहिला. हे एक केलं त्याने, पुरं. ते पण मी उचलून दुसऱ्याला देऊ?"

मी म्हणाले, "त्या मुलींच्या औषधांचं काय?"

"मला नको सांगू औषधांचं." हे तो अगदी हळू बोलला. खिडकीशी जाऊन उभा राहिला. दवाखान्यात तोच होता ना तुमच्याजवळ, मी नव्हते. तिकडूनच म्हणाला, "तूच शिकून घे. तुझं नाव आहे ना त्यात."

"मी शिकेपर्यंत ते बंद पडलेलं असेल."

"मग मला विचारू नकोस. आईला विचार."

आई तिथेच होत्या, दिवाणावर, पुढ्यात पालकाची जुडी. आजकाल त्या निवडत बसतात आणि निवडलेलं पुन्हा निवडतात. त्यांना प्लगइन म्हणजे काय ते ठाऊक नाही. नितीनचे डब्बे, एवढं ठाऊक आहे. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "आधी त्या पोरीला कळव तरी. ती बिचारी तब्येत विचारतेय." म्हणजे त्यांनी मघापासून सगळं ऐकलं होतं.

मी तुमच्या लॅपटॉपवर लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीत मला जड गेलं नाही, खरं सांगते. रोज ऑफिसात लिहिते तशी वाक्यं होती, हे बनवणारा माणूस आता हयात नाही, कळवायला उशीर झाला, क्षमस्व. मग प्रश्न आला, कुठल्या डब्यात घालू. सवय आहे ना. लालमध्ये घातलं, वाटलं, यात कोणाला कसला धोका, जे व्हायचं ते होऊन गेलं. निळ्यात घातलं, ते पाणी बंद राहील अशा सूचनेसारखं दिसायला लागलं. पिवळ्यात आणि हिरव्यात घालून बघायची मला लाज वाटली. नवा प्रकार बनवायला गेले, तर त्याला नाव द्यावं लागतं. मी नावाच्या रकान्यात काही लिहू शकले नाही. शेवटी डब्बा काढून टाकला आणि साधी ओळ ठेवली. खाली लिहिलं, यापुढे हे काम कविता सांभाळतील. आणि थांबले, कारण तेवढं मी कोणाला न विचारता लिहिलं होतं.

सुनील येऊन माझ्यामागे उभा राहिला होता. त्याने वाचलं.

आई म्हणाल्या, "काय लिहिलंस गं?"

मी इंग्रजीतलं वाचायला लागले. त्या म्हणाल्या, "मराठीत सांग. माझ्या लेकाचं आहे, मला समजेल असं सांग."

भाऊजी, मी तोंड उघडलं आणि मला ते मराठीत येईना. रोज दिवसभर मी हेच काम करते, अवघड मजकूर साध्या भाषेत सांगायचं. तीन-चार शब्दांचं वाक्य होतं. मी सुनीलकडे बघितलं. त्याने खुर्चीची पाठ धरली होती, तुमच्या खुर्चीची, आणि माझ्या डोक्यावरून तो आईंना म्हणाला, "आई, लिहिलंय की नितीन गेला. हे डब्बे त्याने बनवले होते. आता तो येणार नाही, म्हणून पुढे ती मुलगी बघेल."

त्याने पुरतं म्हटलं. एका दमात. मला तेव्हा रडू आलं, भाऊजी. आवाज न होता, नाक वाहेपर्यंत, लाजबीज काही न वाटता. तुमच्या कीबोर्डवर पडलं, मी ओढणीने पुसलं, पुन्हा पडलं. सुनीलने मला थांबवलं नाही आणि तुमचा लॅपटॉप माझ्यापुढून सरकवलाही नाही.

आईंनी हातातली काडी परातीत ठेवली. "कोणाला पाठवायचंय हे?"

"जे त्याची वाट बघतायत त्यांना," सुनील म्हणाला.

"मग पाठव की. लोकांना किती ताटकळत ठेवायचं?" एवढं बोलून त्या पदर तोंडाला लावून बसल्या.

मी सुनीलकडे बघितलं. त्याने मानेनेच हो म्हटलं. मी पाठवलं, भाऊजी. तिकडे आता कोणी तुमची वाट बघत नाहीये.